सात ॲडम, एक वॉकर

आमचं आडनाव वॉकर, म्हणजे चालणारा. लोकांना वाटतं, आमच्या पूर्वजांनी डोंगरदऱ्या पालथ्या घातल्या असतील. कसलं काय! ज्याच्यापासून हे नाव लागलं तो आमचा मूळपुरुष ॲडम वीस वर्षं एकाच हौदात चालला, आणि हातभरसुद्धा पुढं सरकला नाही.

यॉर्कशरातल्या आमच्या हेकलडेन गावात तेव्हा मागावरून उतरलेलं लोकरी कापड तुडवावं लागायचं. न तुडवलेलं कापड म्हणजे चाळणी. वारा एका बाजूनं शिरायचा आणि दुसऱ्या बाजूनं हसत बाहेर पडायचा. म्हणून ते हौदात टाकायचं, वरून गावभर फिरून गोळा केलेलं शिळं मूत ओतायचं, आणि आढ्याला टांगलेला दोर धरून दिवसभर थयथय पाय मारायचे. कापड आटून असं घट्ट व्हायचं की पावसानं नुसतं दार वाजवून परत जावं. या तुडवण्याला आमच्याकडे ‘चालणं’ म्हणत आणि तुडवणाऱ्याला वॉकर. ॲडमचे पाय त्यामुळं लोण्यासारखे मऊ झाले होते. वासाचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, तो पाय धुवायला ओढ्यात उतरला की खालच्या गावातले मासे काठावर येऊन बसायचे.

असा हा ॲडम ईबटच्या प्रेमात पडला. ईबट सूत कातायची. सूत बारीक, जीभ त्याहून बारीक.

“लग्न करीन रे,” ती म्हणाली, “पण आधी डोक्यावर छप्पर दाखव. त्या हौदाशेजारी गोणपाट टाकून मी संसार मांडायची नाही.”

योग असा की ॲडमच्या म्हाताऱ्या काकाचं ओढ्याकाठी एक घर होतं. काकानं मरताना पाद्रीबाबांसमोर सांगितलं, “घर ॲडम वॉकरला,” आणि डोळे मिटले. ॲडमला वाटलं, झालं काम. पण आडनावं तेव्हा कुणालाच नव्हती, गावात ॲडम होते सात, आणि निवाडा होता जमीनदाराच्या नव्या कारकुनाकडे. हा गॉडफ्री दूर दक्षिणेतून, केंटहून आलेला.

मोठ्या झाडाखाली कचेरी भरली. गॉडफ्रीनं पाद्रीबाबांनी लॅटिनमध्ये लिहून घेतलेला कातडी कागद उलगडून वाचलं, “घर ॲडमला, जो चालतो त्याला. कोण चालतो?”

सातही ॲडम पुढं झाले.

“मी चालतो की साहेब,” तांबड्या दाढीचा ॲडम म्हणाला.

“मी तर रोजच चालतो,” डुकरं राखणारा ॲडम म्हणाला. “डुकरांच्या मागनं.”

“अहो, हे नुसतेच चालतात!” आमचा ॲडम ओरडला. “मी कापडावर चालतो!”

“कापडावर?” गॉडफ्री हसला. “राजाला तरी परवडतं का रे कापडावर चालणं?”

ईबट पुढं आली. “साहेब, कापड तुडवणाऱ्यालाच वॉकर म्हणतात.”

“त्याला फुलर म्हणतात बाई. अख्ख्या केंटमध्ये फुलरच म्हणतात. मला शिकवू नकोस.”

“मग राहायचं होतं की केंटमध्येच!”

गावातल्या एकानं जरी खरं सांगितलं असतं तरी तिथंच मिटलं असतं. पण फुकटची गंमत कोण सोडतो? सगळे आपापल्या जोड्यांकडे बघत उभे राहिले. पाद्रीबाबांना तर खोकल्याची उबळच आली.

गॉडफ्रीनं हुकूम सोडला. “टेकडीवरच्या चर्चला वळसा घालून या. पहिला येईल तोच खरा चालणारा.”

सात ॲडम सुटले. म्हणजे सहा सुटले. आमच्या ॲडमनं गुडघे छातीपर्यंत उचलले, पाय धाडधाड आपटले. बघणाऱ्याला वाटावं गडी निघाला, आणि गडी तिथंच! वीस वर्षांची सवय. पायांना पुढं जायचं असतं हेच ठाऊक नव्हतं.

“अरे, दोर सोड!” ईबट किंचाळली. कारण तो हात वर करून नसलेला दोर धरून चालला होता.

तांबडा ॲडम टेकडी चढून-उतरून परत आला, तेव्हा आमचा पुरुष तिसऱ्या झोपडीपाशी पोचला होता. गॉडफ्रीनं पीस शाईत बुडवलं. ईबटनं कागदावर हात ठेवला.

“एक विचारते साहेब. तुमचे ते केंटचे फुलर कशात पाय बुडवतात?”

गॉडफ्रीचे कान लाल झाले. “असतं... काहीतरी.”

“मूतच ना? मग या सातांचे पाय हुंगा आणि ठरवा.”

“मी? मी जमीनदारांचा कारकून आहे!”

“नाक तर तुमचंच आहे ना? का तेही जमीनदारांचं?”

“हुंगा! हुंगा!” सगळा गाव ओरडला. खोकणारे पाद्रीबाबा सगळ्यांत मोठ्यानं.

गॉडफ्री नाइलाजानं गुडघ्यांवर बसला. पहिल्या पायांना चिखलाचा वास, दुसऱ्यांना डुकरांचा, चौथ्यांना जुन्या चीजचा. शेवटी आमच्या ॲडमपाशी आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“गेला बिचारा,” कुणीतरी म्हणालं.

“बाबा...” गॉडफ्री पुटपुटला.

त्याचा बाप केंटमध्ये चाळीस वर्षं फुलर होता. ते कुणाला कळू नये म्हणून हा आपल्या नावापुढं नुसतं ‘केंटचा’ लिहायचा.

“संध्याकाळी असेच घरी यायचे,” तो म्हणाला. “आम्ही भावंडं लांबूनच ओळखायचो.”

“उठा साहेब,” आमचा ॲडम ओशाळून म्हणाला. “लोक बघतायत.”

गॉडफ्री उठला, नाक पुसलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ॲडम वॉकर, ओढ्याकाठचं घर.

“पण पहिला मी आलो!” तांबडा ॲडम ओरडला.

“तू आलास,” गॉडफ्री म्हणाला. “हा चाललाय.”

दुनियेत नवरीचा पायगुण बघतात. आमच्या घराण्यात नवऱ्याचा बघितला, तोही हुंगून. पुढच्याच रविवारी लग्न लागलं. ॲडम ऐटीत नव्या घराच्या उंबऱ्याशी आला, तर दारात ईबट आडवी.

“छप्पर मिळवलंस, तू म्हणशील ते ऐकीन,” ती म्हणाली. “फक्त आत येताना पाय तेवढे बाहेर काढून ठेव.”