उलट्या वेळेची पावलं

आमच्या घरातल्या बायकांचं बाहेर जाणं म्हणजे खुर्ची उंबऱ्यापलीकडे ठेवणं. त्याहून लांब आम्ही सहसा जात नसू, आणि त्याचं कुणाला फारसं दुःखही नव्हतं. दारात बसलं की समुद्रावरून येणारा वारा मानेला लागायचा. समोरच्या गच्चीवर फळ्यांवर वाळणाऱ्या टोमॅटोंचा आंबूस वास यायचा. पाकोळ्या घरांच्या मधून इतक्या खाली उतरायच्या, की त्यांच्या पंखांचा आवाज ऐकू यावा. अट एकच होती. लग्न न झालेल्या मुलीनं आणि विधवेनं तोंड घराकडे करून बसायचं, रस्त्याला पाठ द्यायची. म्हणून आम्ही रस्ता कानांनी पाहायला शिकलो. कोण आलं, कोण गेलं, कोण दारू पिऊन आलं, हे पावलांवरून कळायचं.

माझी थोरली बहीण फिलोमेना मात्र तीन वर्षं तेवढीसुद्धा बाहेर आली नव्हती. तिचा नवरा पांतालेओ बेल्जियमच्या खाणीत कामाला गेला आणि तिथेच गाडला गेला. देह सापडलाच नाही. घरी आली फक्त एक पेटी. तिच्यात दोन शर्ट, दाढीचा वस्तरा आणि त्याचे रविवारचे बूट होते. मेना आमच्याकडे परत आली, मागच्या खोलीत शिरली आणि तिथेच राहिली. ती सव्वीस वर्षांची होती, पण चालताना भिंत धरायची.

अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये डॉक्टर घरी आले. त्यांनी तिच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"हिला ऊन पाहिजे," ते आईला म्हणाले. "मी लिहून काय देऊ? ऊन बाटलीत मिळत नाही."

"ऊन काय, खिडकीतूनही येतं," आई म्हणाली.

"तुमची खिडकी तीन वर्षांत उघडलीय का, बाई?"

जाताना डॉक्टर दारात मला हळूच म्हणाले, "पुढचा हिवाळा ही काढणार नाही, पोरी." मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्या उन्हाळ्यात मी एकच काम अंगावर घेतलं: मेनाला उंबऱ्याबाहेर काढायचं.

तंबाखूचे दिवस होते. पहाटे खुडून आणलेली पानं दिवसभरात ओवावी लागायची. हातभर लांब चपट्या सुईनं देठ टोचायचे, माळ भरली की चौकटीवर टांगायची. बोटं काळी, चिकट होऊन जायची. मी मेनाच्या पुढ्यात पानांचा ढीग टाकला.

"इथे अंधारात तू निम्मी पानं फाडतेस," मी म्हणाले. "जरा पुढे सरक."

तिनं खुर्ची एक फरशी पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. मी फरश्या मोजत होते. दारापर्यंत अकरा होत्या. सातव्या फरशीवर ती चार दिवस अडून बसली.

"मला कळतं तू काय करतेयस ते," ती म्हणाली. "बकरीला पाला दाखवत नेतात, तसं."

"बकरीला निदान भूक तरी लागते," मी म्हणाले.

ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आणि आठव्या फरशीवर आली.

उंबरा ओलांडायला मात्र तिनं वेळ निवडली ती भलतीच. दुपारच्या जेवणानंतर गाव दारं लावून झोपतं, त्या दोन-तीन तासांना आमच्याकडे उलटी वेळ म्हणतात. ऊन इतकं पांढरं असतं, की दगडांचीही सावली दिसत नाही. त्या वेळी रस्त्यावर जिवंत माणसानं फिरू नये, तेव्हा मेलेली माणसं आपापली घरं बघून जातात, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. मेनाला हीच वेळ हवी होती, कारण तेव्हा तिला कुणी पाहणार नव्हतं. आई आत घोरायला लागली की आम्ही दोघी खुर्च्या बाहेर घ्यायचो आणि पाठ रस्त्याला देऊन पानं ओवायचो. तिच्या मानेवर ऊन पडायचं. पंधरा दिवसांत गालावर रंग आला.

मग ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस गल्लीच्या टोकाशी पावलं वाजली. टाचेखाली तीन खिळे, पंज्याखाली लोखंडाची पट्टी. दगडी फरसबंदीवर तो आवाज नाण्यासारखा खणखणीत येत होता. मेनाची सुई थांबली. पावलं जवळ आली, आमच्या पाठीमागून गेली आणि चढावर विरून गेली.

"तेत्ता," तिनं मला हाक मारली, "ऐकलंस?"

"काय?"

"काही नाही. पान टोच."

ते खिळे पांतालेओनं स्वतःच्या हातानं ठोकलेले होते. चर्चमधून सगळे बाहेर पडले, तरी त्याची चाल वेगळी ओळखू यायची. मला ती ओळखू आली. माझ्या दंडावर काटा आला, भर उन्हात. पण थोड्या वेळानं मला आठवलं, आणि मग जास्तच भीती वाटली.

मेलेल्याचे बूट घरात ठेवायचे नसतात, नाहीतर तो घरभर चालत राहतो. आईनं पेटीतले बूट मेनाला न सांगता इप्पात्सिओच्या आईला देऊन टाकले होते. मीच ते फडक्यात बांधून नेले होते. इप्पात्सिओ गरीब, लाजाळू, तिशीचा माणूस. शेतात अंजिरं वाळत घातली की त्यांची राखण करायचा. जेवायला घरी यायचा आणि दुपारीच परत जायचा. त्या वर्षी त्याची स्वतःची पायताणं फाटली असणार, म्हणून त्यानं ते बूट वापरायला काढले.

हे मेनाला सांगायचं, तर ती उठून मागच्या खोलीत जाईल आणि परत कधीच येणार नाही, याची मला खात्री होती. न सांगावं, तर ती रोज एका मेलेल्या माणसासाठी बाहेर बसणार. मी गप्प राहिले. ती आता जेवण होताच खुर्ची उचलायची. केस विंचरायची. पावलं येईपर्यंत तिची पाठ ताठ असायची, आणि पावलं गेल्यावर ती डोळे मिटून बराच वेळ बसायची. तिचा चेहरा मी तिरक्या नजरेनं पाहायचे आणि मला वाटायचं, ऊन हिला बरं करतंय की दुसरंच काही?

दहाव्या दिवशी पावलं आमच्या मागून गेली आणि मेना उठली. मांडीवरची पानं खाली पडली. ती वळली आणि त्या पावलांमागे चालू लागली. भिंत न धरता.

"मेना," मी दबक्या आवाजात हाक मारली. "अगं, कुठे?"

तिनं ऐकलं नाही. मी आयुष्यात एकटी त्या वेळी गल्लीत गेले नव्हते. बराच वेळ उंबऱ्याशी घुटमळले, मग गेले. चढ, मग पाण्याची टाकी, मग दगडी बांधांमधली पायवाट. झाडांवरच्या किरकिऱ्या किड्यांनी रान उठवलं होतं आणि एकही माणूस दिसत नव्हतं. शेताच्या कडेला बोरूच्या चटयांवर अंजिरं वाळत होती. पलीकडे ऑलिव्हच्या झाडाखाली इप्पात्सिओ टोपी तोंडावर घेऊन झोपला होता, अनवाणी. त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर बूट नीट जोडून ठेवलेले. आणि बुटांच्या शेजारी मेना बसलेली, जमिनीवर, पाय पसरून, एखाद्या माणसाजवळ बसावं तशी.

मी जवळ गेले. "मी सांगणार होते तुला," मी म्हणाले.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती म्हणाली. "खिळे त्याचे आहेत, पाय त्याचे नाहीत. नवऱ्याची चाल ओळखू येणार नाही का मला?"

"मग आलीस कशाला?"

"खिळे कुठे जातात ते बघायला."

आमच्या बोलण्यानं इप्पात्सिओ जागा झाला. विधवा बाई समोर बसलेली पाहून तो आधी क्रॉसची खूण करू लागला. मग त्याला बूट दिसले आणि त्याची मान खाली गेली.

"घेऊन जा बाई तुम्ही," तो म्हणाला. "मला असेही चावतात."

"चावत असतील तर कागद घाल," मेना म्हणाली. "पेटीत ठेवले तर मुके होतील. तू चाल."

घरी आईनं आकाशपाताळ एक केलं. "विधवा बाई, उलट्या वेळी, परक्या पुरुषामागे. उद्या पाद्रीबाबा मला चर्चच्या दारात तरी उभं करतील का?"

"मी पुरुषामागे नाही गेले," मेना म्हणाली. "भाजी वाढ, भूक लागलीय."

भूक लागलीय हे ऐकून आई पुढचं बोलणंच विसरली. तिनं घेवड्याची वाटी काठोकाठ भरली.

त्यानंतर मेना रोज झाडाखाली जाऊन बसायची. इप्पात्सिओ दूर बांधावर बसे आणि बूट तिच्याजवळ काढून ठेवी. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. सप्टेंबरच्या शेवटी अंजिरं टोपल्यांत भरली गेली आणि इप्पात्सिओ उत्तरेला, एका कारखान्यात लागला. बूट त्याच्या पायांतच गेले. बस सुटली तो दिवस मी धास्तीत काढला. आता ही परत खोली धरणार.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. मेनानं केस विंचरले आणि ती शेताच्या वाटेला लागली, एकटी.

चार वाजता आई दारात येऊन बसली. म्हातारीला, घरधनीण म्हणून, रस्त्याकडे तोंड करायची मुभा होती. मी तिच्यासमोर, नेहमीसारखी पाठमोरी, शेवटच्या माळा बांधत होते. गल्लीच्या टोकाला मेनाची हलकी पावलं वाजली. तेवढीच, दुसरी कुठलीही नाही. मी लक्ष देऊन ऐकत होते. आई मात्र डोळ्यांवर हात धरून बघत राहिली.

"कोण गं तिच्याबरोबर?" तिनं विचारलं.

"कोण असणार? एकटीच येतेय."

"एकटी," आई म्हणाली. तिचा हात तसाच डोळ्यांवर होता. "मग भिंतीकडची सावली कुणासाठी मोकळी सोडून ती उन्हातून चालतेय?"