टीव्हीतली सासू आणि तारामतीची आत्याबाई

रेणुकादास सर नांदेडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत. शिकवण्यापेक्षा हळहळणं त्यांना जास्त जमायचं. टीव्हीवरच्या मालिकांनी माणसं बिघडली, अशा अर्थाचा बावीस पानी निबंध त्यांनी लिहिला होता. निष्कर्ष तर सगळ्यात आधी लिहून झाला होता. राहिला होता फक्त पुरावा.

तो गोळा करायला सर एसटीनं निलंग्याकडच्या एका गावी गेले. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेलं गाव, एकसारखे रस्ते, एकसारखी घरं. सर आधी दोन चुकीच्या घरांत शिरले आणि दोन्हीकडं चहा पिऊन आले. तिसऱ्या घरात तारामती भेटली. पन्नाशीला टेकलेली, चार एकर स्वतः कसणारी, जिभेची तिखट. ‘चौखट की बिजली’ या हिंदी मालिकेचा एकही दिवस तिनं चुकवला नव्हता.

“मालिकेतून तुम्ही काय शिकलात?” सरांनी वही उघडली.

“माणूस मेला की लगीच तेरावं घालू न्हाई,” तारामती म्हणाली. “म्हैनाभर थांबावं. तोंड बदलून परत येतंय.”

सरांनी लिहिलं, ‘मृत्यूचे भान हरपले.’

“आन वाईट बातमी ऐकली की तीनदा मान वळवायची. एकदा वळवून भागत न्हाई.”

सरांनी लिहिलं, ‘देहबोलीवर आक्रमण.’

तारामतीला हसू आवरेना. “सर, मी मजाक करायलेय. तुमी तर समदंच लिहून घ्यायलाव!”

सरांनी तेही लिहून घेतलं.

असा अस्सल पुरावा सोडवेना. पुढच्याच महिन्यात लातूरला परिसंवाद होता. तिथं बोलायला सरांनी तारामतीलाही बोलावलं. पत्रात तिचा उल्लेख ‘जिवंत उदाहरण’ असा होता. ती नवं लुगडं नेसून आली.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. मोठा हॉल हवा तर क्लासवाल्यांच्याच दारी जावं लागे. त्यातल्याच एका क्लासच्या शिवप्पा सरांनी आपला हॉल दोन तासांसाठी दिला. पुढं चाळीस प्राध्यापक बसले आणि मागं, नंतरच्या तासाची जागा धरून बसलेली दोनशे पोरं. समोरचा माणूस बोलू लागला की लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. रेणुकादास सर “मुद्दा दुसरा” म्हणाले आणि दोनशे पेनं चालू झाली. एका पोरीनं हात वर केला.

“सर, हे बारावीला किती मार्काला हाय?”

सरांनी पाणी पिऊन पुढं वाचायला घेतलं. नवव्या पानावर त्यांचा आवाज चढला. “ही मालिका प्रेक्षकाला काहीही शिकवत नाही!”

त्याच क्षणी खिडक्यांची तावदानं खडखडली. बाकं थरथरली. भूकंप पाहिलेल्या लातूरच्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते सांगावं लागत नाही. सरांना मात्र तो टाळ्यांचा कडकडाट वाटला. त्यांनी डोळे मिटून, हात जोडून नम्रपणे मान लववली. मान वर केली तेव्हा हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. तारामती तेवढी मंचावर चढत होती. तिनं सरांची बाही धरली.

“चला की! नमस्कार मैदानात करा!”

बाहेर आल्यावर कळलं, मागच्या रस्त्यावर रोडरोलर फिरत होता. तरी आत जायला कुणी तयार होईना. सरांचे कागद आत राहिले होते आणि ते आणायला सरही तयार होईनात. मग संयोजक म्हणाले, “बाई, तुम्हीच बोला.”

तारामतीनं पदर खोचला. “आमच्या सूनबाईला, पुनमला, पुढं शिकायचं होतं. माझी आत्याबाई, म्हंजी माझी सासू, नको म्हणायची. सासूला सरळ बोलायची सोय न्हाई. मग मी रोज मालिका बघताना म्हणायची, आत्याबाई, ही टीव्हीतली सासू सुनेला कॉलेजात जाऊ देईना बघा. लई वंगाळ बाई! चार दिसांनी आत्याबाईच म्हणली, हाव, लईच वंगाळ. आठव्या दिशी पुनमला म्हणली, जा, तुझा फारम भर. आपल्याला न्हाई तसलं व्हायचं.”

रेणुकादास सर पुढं सरकले. “पण मालिकेत असा प्रसंग कधी दाखवला?”

“दावतील कशाला? तिथं तर हिऱ्याच्या हारावरून भांडण चाललं होतं. आत्याबाईला हिंदी कळत न्हाई. मी सांगीन ती इष्टोरी!”

मैदानात खरोखरच्या टाळ्या वाजल्या. पोरांनी तेवढं अक्षर न अक्षर लिहून घेतलं. सरही हसले, आणि एका पोरानं आतून कागद आणून दिल्यावर गाडीत बसल्या बसल्या त्यांनी निष्कर्षाचं पान खोडून टाकलं.

तारामतीची युक्ती सरांनी घरी गेल्या गेल्या बायकोला, सौदामिनीबाईंना, सांगितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नांदेडला घरी ते पहिल्यांदाच त्यांच्याशेजारी मालिका बघायला बसले, अर्थात वही घेऊन. पडद्यावर हत्तीवरून वरात चालली होती.

“काय मेला नवरा आहे बघा,” सौदामिनीबाई म्हणाल्या. “बायको वीस वर्षं बोलतेय, आणि हा दुसऱ्यांच्या बायकांचं लिहून घेतोय.”

सरांनी हत्तीकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि टीव्हीचा आवाज बारीक केला.

“बरं, काय म्हणत होतीस?”

सौदामिनीबाई सांगू लागल्या. वरात मांडवात पोचली, लग्न लागलं, मोडलं, तरी त्यांचा पहिलाच मुद्दा चालू होता.