दोघींची तपासणी

लेझरनं चष्मा घालवायचं खूळ मुळात धाकटीचं. थोरलीला त्यात फारसा रस नव्हता. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पाण्यात उतरताना चष्मा काढला की समोरची पोरं तिला टोपीच्या रंगावरून ओळखावी लागत. "ए लाल टोपी, नुसता लोळतोस काय, पाय मार!" असं ओरडून तिचं छान भागत होतं. धाकटी कवळ्या बनवणाऱ्यांकडे मेणाचे दात कोरायला होती. भुकटीनं आणि वाफेनं सारखा माखणारा चष्मा पुसून ती मेटाकुटीला आली होती. "ताई, दोघी मिळून करून टाकू ना," असं तिनं इतकं टुमणं लावलं की शेवटी थोरलीनं मान तुकवली. बाबा म्हणाले, "चला, घरातल्या दोन्ही ढापण्या एकदम संपल्या."

तपासणीला थोरलीची हनुवटी यंत्रावर टेकवली नि लगेच काढली. धाकटीची मात्र पुन्हा टेकवली, मग आणखी एकदा. डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या रंगीत ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"डोळे फार चोळतेस का गं?"

"लहानपणापासून. खाजतात."

"बुबुळावर काचेसारखं एक आवरण असतं. तुझं पातळ झालंय आणि मधोमध सुळक्यासारखं पुढे येतंय. त्यावर लेझर चालवलं तर नजर आणखी बिघडेल."

"मग कधी करता येईल?" धाकटीनं विचारलं.

"हे ऑपरेशन तुझ्यासाठी नाहीच. थेंब घालून किरणं देता येतात, त्यानं बिघाड बहुतेक जिथल्या तिथे थांबतो. पण गेलेली नजर त्यानं परत येत नाही."

 बाहेर जिन्यात येताच थोरली म्हणाली, "मीही नाही करत."

"का? तू चष्मा लावून बसलीस की माझं आवरण जाड होणार आहे?" धाकटी खालच्या पायरीकडे बघत म्हणाली. "उगाच थोरपणा नको. मी येईन सोबत."

ती आलीही. ऑपरेशनच्या आधी हिरव्या झग्यात बसलेल्या बहिणीची टोपी तिनंच नीट केली. आत थेंबांनी डोळा बधिर केला, पापण्या चिमट्यानं उघड्या धरल्या. डोळ्यावर दाब आला आणि क्षणभर सगळं काळंठिक्कर पडलं. मग एक हिरवा ठिपका, टकटक आवाज, आणि केस जळल्यासारखा वास. दुखलं नाही. पण न मिटता येणारा डोळा घेऊन पडून राहताना थोरलीचा जीव अर्धा झाला. ज्यासाठी धाकटी तरसतेय, त्यासाठी इथे पडलेय मी, हेच तिच्या मनात फिरत होतं.

घरी डोळ्यांत मिरची गेल्यासारखी आग झाली. धाकटी वेळेवर थेंब घालायची. हात डोळ्याकडे गेला की मनगट धरायची. "चोळायचं नाही. माझं बघितलंस ना?"

सकाळी थोरलीनं पापण्या किलकिल्या केल्या. भिंतीवरचा पोपडा दिसला, पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली. आणि आरशासमोर उभी धाकटी दिसली. ती एक डोळा हातानं झाकत होती, मग दुसरा, आणि कॅलेंडरवरचे आकडे पुटपुटत होती. एका डोळ्यानं आकडे येईनात. तिनं पुन्हा झाकलं, पुन्हा पुटपुटली. थोरलीनं हळूच डोळे मिटले. ती बराच वेळ झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली.

महिन्याभरानं डॉक्टरीणबाईंची परवानगी मिळाल्यावर ती तलावात उतरली. पाण्यात असताना पहिल्यांदाच तिला टोप्यांखालचे चेहरे स्पष्ट दिसले. निळ्या टोपीतल्या मुलीचे ओठ थरथरत होते. लाल टोपीवाल्याच्या डोळ्यांत नुसती भीती होती. आपण इतकी वर्षं या भेदरलेल्या चेहऱ्यांवर हसत हसत ओरडत होतो, हे कळून तिनं ओरडणंच सोडलं. त्या दिवसापासून तिची शिकवणी मऊ झाली, पण यातलं काही घरी धाकटीला सांगणं तिला जमेना.

धाकटीला किरणं दिली. बिघाड थांबला, पण बारीक कोरीवकाम काही तिला झेपेना. कडा दुहेरी दिसत. मालकांनी तिला साचे ओतायला बसवलं. बाबांनी ढापणीची थट्टा सोडून दिली.

एकदा भाजी निवडताना थोरलीला राहवलं नाही. "माझ्यावर रागावलीस का?"

धाकटीनं हातातली जुडी खाली ठेवली. "तुझ्यावर कशाला रागावू? तू काय केलंस?" मग जुडी पुन्हा उचलत म्हणाली, "थोडी रागावलेय. तू रस्त्यापलीकडची पाटी वाचून दाखवतेस ना, तेव्हा. मी विचारलेलं नसतं."

"नाही वाचणार."

"हं."

थोरलीनं त्यानंतर कधी पाटी वाचली नाही. धाकटीनं कधी विचारलीही नाही. दोघी रस्त्यानं पूर्वीसारख्याच बरोबर चालायच्या. वळण आलं की थोरली नुसती पाऊल थोडं आवरायची, धाकटीला अंदाज यावा म्हणून, आणि दोघीही ते लक्षात न आल्यासारखं करायच्या.