कप्तान बाकावर

साहेबांनी हात वर करून बाहेर यायची खूण केली, तेव्हा कप्तान अल्पेश धास्तावला. स्वतःसाठी नव्हे, साहेबांसाठी. त्याच्या वडिलांनी, हिरामणशेठनी, सकाळीच त्यांना सगळ्या संघादेखत बजावलं होतं की अंतिम सामन्यात अल्पेशला बाहेर काढलंत, तर आपलं गाठोडं बांधायचं.

साहेब म्हणजे रॉन गॅस्किन. तरुणपणी इंग्लंडात फुटबॉलच्या बचावफळीत खेळलेला, गुडघा गेल्यावर मॅनेजर, म्हणजे संघाचा प्रशिक्षक, झालेला आणि तोंडावर खरं बोलायच्या खोडीपायी एकेका क्लबातून हाकलला गेलेला माणूस. फिरत फिरत ते अलिबागेत हिरामणशेठच्या संघाला लागले. मालवाहू ट्रेलरच्या धंद्यात नाव काढलेल्या शेठना गोरा मॅनेजर मिरवायला हवाच होता. फक्त त्याने मॅनेजरकी करू नये, एवढीच माफक अपेक्षा.

अल्पेशला मात्र साहेबांनी माणसात आणलं होतं. शेठचा पोरगा म्हणून न गोंजारता, खेळाडू म्हणून त्याला झापणारे ते पहिलेच. साहेब गेले तर संघ पुन्हा बापाचं खेळणं होणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सामना बरोबरीत होता. अल्पेशचे पाय जड झाले होते आणि समोरचा गडी त्याला सारखा चकवून जात होता. तो बाहेर आला, त्याच्या जागी राखीव खेळाडू संघर्ष आत गेला, आणि मांडवात हिरामणशेठ ताडकन उठले. समालोचन करणाऱ्या भिकूच्या हातातला माईक त्यांनी हिसकावला.

"आताच सांगतो," कर्ण्यातून आवाज घुमला, "साहेबाची सुट्टी. आजपासून मॅनेजर माझा अल्पेश. तो सांगंल तसंच व्हनार. माझा शब्दसुद्धा मधे येनार नाय."

टाळ्या पडल्या. साहेबांनी आपली पिशवी उचलली. शेठ माईक घेऊनच बाकापाशी आले आणि दबक्या आवाजात पोराला म्हणाले, त्या संघर्षला बोलाव आणि तू आत जा. बाहेर आलेला खेळाडू पुन्हा आत जाऊ शकतो, असा या स्पर्धेचा नियमच होता.

अल्पेशने मैदानाकडे पाहिलं. संघर्षने उजवी बाजू पार बंद करून टाकली होती. बापाला त्याने आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं. तो बापाकडे वळला.

"बाबा, मॅनेजर मीच ना?"

"व्हय. मंग?"

"मंग मी नाय जात आत. माझा दम गेलाय. आनि साहेब कुठं जानार नाय. मना मदतनीस पायजे."

माईक चालूच होता. मांडवात कुजबुज झाली, कोणीतरी फिसकन हसलं. हिरामणशेठ लालबुंद झाले, पण चारचौघांत दिलेला शब्द गिळायचा कसा? ते पोराकडे असे बघत राहिले की घरी काय वाढून ठेवलंय ते अल्पेशला कळून चुकलं. मग माईक भिकूच्या हातात कोंबून ते सरळ गाडीकडे चालू लागले.

साहेब अल्पेशच्या शेजारी येऊन बसले. आजवर त्यांनी त्याला फक्त हुकूम दिले होते.

"मॅनेजर," त्यांनी विचारलं, "आता काय करायचं?"

बापाची गाडी निघून गेल्याचा आवाज अल्पेशने ऐकला. तो उठून रेषेपाशी गेला आणि आघाडीच्या भागोजीला बचावाला मागे यायला ओरडून सांगितलं.