फक्त झांबियात विक्रीसाठी

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे, पण आजवर मला कुणी विकत घेतलेलं नाही. हसू नका. मी वाईट आहे म्हणून नव्हे, तर मी नमुन्याची प्रत आहे म्हणून. पहिल्याच पानावर तसा जांभळा शिक्का आहे. लोकांनी मला चाळायचं, हुंगायचं, आणि मग माझ्या कोऱ्या भावंडांपैकी एखादं घरी न्यायचं, एवढीच माझी नेमणूक. हल्ली मी लुसाकात एका सरकारी कपाटात राहतो. तिथे मला सारखी एका गावाची आठवण येते, जे मी कधी पाहिलेलंच नाही. न पाहिलेल्या गावाची आठवण कशी येईल, असं तुम्ही विचाराल. माझ्या पानापानांत तेच गाव आहे, म्हणून येते.

मला लिहिलं अनाचिसालेबाईंनी. सीमेच्या पलीकडे मलावीत, म्चिंजीजवळच्या खेड्यातल्या शाळेत त्या शिकवत. माझ्या पोटात त्यांच्या गावच्या गोष्टी आहेत: हत्तीला गंडवणारा ससा, शेतात उंदीर खणून काढणारी पोरं, आणि सासरी राहायला आलेला तो जावई, जो लाजेनं पोटभर न्सिमा, म्हणजे मक्याचा घट्ट घाटा, खात नाही आणि मग लपूनछपून भांडं चाटताना सापडतो. सगळं आमच्या चिचेवा भाषेत.

बाईंनी या गोष्टी आधी समुद्रापलीकडच्या एका मोठ्या कंपनीला दिल्या. करार झाला. त्यात मलावी होता, मोझांबिक होता, आणखी कितीतरी देश होते. झांबिया तेवढा राहिला होता. कंपनीतल्या शहाण्यांच्या मते आमची भाषा सीमेपाशीच संपत होती. आता आमच्याकडे लग्नानंतर नवराच बायकोच्या गावी जातो; एक भाऊ मलावीत सासरी नांदतो, दुसरा झांबियात. दोघं भांडतात ते एकाच भाषेत. पण हे त्यांना सांगणार कोण?

हक्क घेतले आणि कंपनी त्यांच्यावर बसून राहिली. 'बाजार तयार झाला की छापू,' एवढंच ती कळवायची. वर्षं गेली. खाईना आणि खाऊही देईना, अशी तिची तऱ्हा.

शेवटी सीमेच्या अलीकडच्या, झांबियातल्या काटेटेच्या झेलिफा साकाला पुढे आल्या. बाजारामागे त्यांचा छोटा छापखाना होता. आवाज असा, की यंत्र चालू असतानाही त्यांचं हसू रस्त्यावर ऐकू जायचं. झांबियाचा रिकामा हक्क त्यांनी घेतला आणि मी जन्मलो. छापखान्यातल्या म्हाताऱ्या लुफेयोंनी मला शिवलं. सगळ्यांत आधी त्यांनी मलाच कापायला घेतलं आणि माझा वरचा कोपरा तिरका गेला. त्या दिवशी बाई मुद्दाम सीमा ओलांडून आल्या होत्या. त्यांनी मला हातात घेतलं.

"अहो बाम्बो, याचा कान कापलात की!"

"पहिलं बाळ आहे, अमाई. जरा वाकडंच निघायचं," लुफेयो म्हणाले. आमच्यात मानानं पुरुषाला बाम्बो म्हणतात आणि बाईला अमाई.

बाई हसल्या आणि त्यांनी आपला तळवा माझ्यावर ठेवला. तळव्यावर खडूची भुकटी होती. तिचा पांढरा डाग माझ्या पाठीवर कितीतरी दिवस राहिला. तसं मला पुन्हा कुणी धरलेलं नाही. कान तिरका म्हणून मी नमुना झालो. पाठीवर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, 'फक्त झांबियात विक्रीसाठी.'

सुरुवातीचे दिवस कौतुकाचे होते. पण झांबियापुरतं छापायचं म्हणजे थोड्या प्रती, आणि थोड्या प्रती म्हणजे महाग पुस्तक. सीमेपलीकडचे वाचक मिळाले असते तर प्रती वाढल्या असत्या, किंमत उतरली असती. म्चिंजीच्या एका दुकानदारानं गठ्ठा मागवला, झेलिफांनी पाठवला, आणि महिन्याभरात कंपनीच्या वकिलाची तंबी आली. गठ्ठा परत आला. बाईंना भेट मिळालेल्या प्रती त्यांनी कधीच शाळेत देऊन टाकल्या होत्या. मुलांनी वाचून वाचून त्यांची लक्तरं केली होती. एका शनिवारी बाई पुन्हा छापखान्यात आल्या.

"पुस्तकं मक्याच्या पोत्यात घालून देते," झेलिफा हळू आवाजात म्हणाल्या. त्यांचा हळू आवाजही चौथ्या दुकानापर्यंत जायचा. "कोण बघतंय?"

"मुलं बघतील ना. वर्गात चोरी करू नका म्हणायचं आणि चोरून आणलेलं पुस्तक हातात द्यायचं? मला नाही जमायचं ते."

"मग पोरांनी वाचायचं काय, अमाई?"

"फळा आहे की. एक गोष्ट लिहिते, ती वाचतात. गणिताचा तास आला की पुसते."

मित्रांनो, ते ऐकून मला भडभडून आलं. मी टेबलावर धडधाकट पडलेलो, आणि तिकडे माझ्या गोष्टी रोज पुसल्या जात होत्या! त्या दिवसापासून मला सीमेपलीकडचा ध्यास लागला.

ऑगस्टच्या शेवटी आमच्याकडे कुलाम्बा असतो. झांबिया, मलावी, मोझांबिक, तिन्ही देशांतले चेवा लोक राजाला मुजरा करायला काटेटेजवळच्या म्काइकाला जमतात. ट्रकच्या ट्रक भरून माणसं येतात, मुखवटे घातलेले न्याउ धुरळा उडवत नाचतात. त्या वर्षी झेलिफांनी भाजक्या उंदरांच्या टोपल्यांशेजारी आपलं टेबल मांडलं.

"काय हो, यावर काय लिहिलंय?" लुफेयोंनी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"झांबियात विका. मग मी कुठे उभी आहे? झांबियातच ना! आता सीमाच चालत माझ्या दारी आली, तर तिला हाकलून देऊ का?"

माझी भावंडं भराभर खपली. दोन्ही देशांत पैशाला क्वाचाच म्हणतात, पण नोटा वेगळ्या; पलीकडचे लोक आपल्या क्वाचाचे इकडचे क्वाचा करून आणत आणि घासाघीस करत. बाईंच्या शाळेतले पालकही पोरांना घेऊन नाचणाऱ्यांच्या ट्रकमधून आले होते. त्यांनी वर्गणीतून अख्ख्या वर्गासाठी पुस्तकं घेतली. बाईंचे पाय सुजले होते, त्या आल्या नव्हत्या. मी दिवसभर गर्दीत त्यांना शोधत होतो.

दुपारी कंपनीचे इथले प्रतिनिधी चिलेशे आले. ते बेंबा जमातीचे. बेंबांची आणि आमची जुनी थट्टेची सोयरीक आहे, म्हणून आधी टोमणे झाले.

"उंदीर खाणाऱ्यांच्या जत्रेत पुस्तकंही खपतात म्हणायची!"

"माकडं खाणाऱ्यांनी आमचं ताट मोजू नये," झेलिफा म्हणाल्या, आणि दोघंही पोट धरून हसले. मग चिलेशेंचा चेहरा बदलला.

"अमाई, हे बंद करा. पुस्तकं घेणारे मलावीचे आहेत. मलावी आमचा आहे."

"मलावी तुमचा? बरं झालं सांगितलंत. तिथल्या लोकांना ठाऊकच नव्हतं!"

"वर्गाचा गठ्ठा परत घ्या आणि पैसे देऊन टाका. नाहीतर छापखान्याला कुलूप लागेल."

झेलिफांनी ट्रककडे पाहिलं. पोरं आधीच वर चढून पुस्तकं उघडून बसली होती. "जा, तुम्हीच काढून घ्या त्यांच्या हातातून," त्या म्हणाल्या. चिलेशे ट्रकपर्यंत गेले नाहीत. पण जाताना त्यांनी मला पुरावा म्हणून उचललं.

अशा रीतीनं माझा पहिला प्रवास घडला, तोही उलट्या दिशेला. सीमा मागे पडत गेली आणि मी लुसाकाला, राजधानीत आलो. व्यापारात कुणी कुणाची गळचेपी करू नये, हे पाहणारं एक कार्यालय तिथे आहे. कंपनीची तक्रार तिथे गेली, आणि झेलिफांनीही उलट तक्रार केली. श्रीमती नामुकोलो नावाच्या अधिकारी निकाल देणार होत्या. टेबलाच्या मधोमध मी. एक वकील माझ्या पाठीवरची ओळ दाखवी, दुसरा पहिल्या पानावरचा शिक्का दाखवून म्हणे, हा तर विकायचाच नव्हता. कितीतरी बैठका झाल्या. छापखाना तोवर बंद होता आणि लुफेयो घरी बसून होते.

निकाल साध्या शब्दांत होता. दुसऱ्याच्या हद्दीत दुकान मांडू नका, हे सांगायचा कंपनीला अधिकार आहे. पण गिऱ्हाईक आपल्या पायांनी आलं तर त्याला परत पाठवा, असं ती सांगू शकत नाही. स्वतः छापायचं नाही आणि दुसऱ्याचं पोहोचू द्यायचं नाही, ही स्पर्धा नव्हे. झेलिफांचं हसू मी भिंतीपलीकडून ऐकलं. मलाही फार आनंद झाला. आता मला सोडतील, असं वाटलं.

सोडलं नाही. माझ्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि मला कपाटात ठेवलं. वाळवी नाही, ऊन नाही, धूळही फारशी नाही. एवढी काळजी माझी कधीच कुणी घेतली नव्हती.

बऱ्याच काळानं एकदा झेलिफा आल्या. कारकुनानं दार उघडलं तेव्हा मला त्यांचा आवाज आधी ऐकू आला.

"बाईंनी मागितलाय हो हा. तिथे वर्गात ढीगभर पुस्तकं आहेत, पोरं भांडून वाचतात. आता बाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही. म्हणतात, पहिला आणून दे, तिरक्या कानाचा. तो मला हातानं ओळखू येईल."

"कंपनी वरच्या कोर्टात दाद मागतेय. पुरावा देता येत नाही, अमाई."

"पुरावा कसला, पोरांच्या गोष्टी आहेत त्यात! वाचल्या तरी आहेत का तुम्ही कुणी?"

कारकून ओशाळला. त्यानं मला उघडलं, एक ओळ वाचली, आणि नियम आठवून दार लावलं. झेलिफा पुन्हा आल्या नाहीत. बाई आहेत की नाहीत, तेही मला कळलेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही आम्हा पुस्तकांना सांभाळून वापरा, पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका. पण सांभाळायचं म्हणून कुलपात घालू नका. तुमचं वाचून झालं असेल तर शेजारच्या घरी द्या, पुढच्या गावी द्या. पुस्तक फाटून संपलं तर त्याला दुःख होत नाही, हे मी माझ्या भावंडांवरून सांगतो. त्या खेड्यात शाळा सुटायच्या आधी मुलं माझ्याच गोष्टी मोठ्यानं वाचत असतील. त्या वेळेला मी रोज इथे कान देऊन असतो. अजून काही ऐकू आलेलं नाही.