जाळीच्या पलीकडे कोणीतरी हवे

मित्रांनो, माझ्याकडे येणारा माणूस नेहमी एकटाच येतो. ज्याला जोडीदार आहे, तो माझ्याकडे कशाला फिरकेल? मी टेनिसचे चेंडू फेकणारे एक जुने यंत्र आहे. कॅन्ससमधल्या एका छोट्या कॉलेजात, सहाव्या कोर्टामागच्या पत्र्याच्या खोलीत मी राहतो. इथल्या मुलींनी माझे नाव मर्व्हिन ठेवले आहे. पोट सुटलेल्या, सदा कुरकुरणाऱ्या काकांना शोभेल असे हे नाव, आणि खरे सांगायचे तर मला ते आवडते.

माझी रचना अगदी साधी आहे. वर चेंडू ठेवायची मोठी टोपली, पोटात उलटसुलट फिरणारी दोन चाके आणि पुढे एक तोंड. चेंडू त्या दोन चाकांच्या चिमटीत सापडला की सणकन बाहेर जातो. कारखान्यात माझी परीक्षा घेणारा माणूस म्हणाला होता, "हा बेटा थकणार नाही." त्याचे म्हणणे खरे ठरले. मी थकलो नाही, नुसता जुना झालो.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. मला ढकलत कोर्टावर नेण्यासाठी मुलींमध्ये भांडणे होत. तेव्हा संघातल्या सगळ्या मुली आसपासच्या गावांतल्या. कोणाचा बाप शाळेत शिकवी, कोणाची आई दवाखान्यात काम करी. त्या हरत पुष्कळ आणि हसतही पुष्कळ. संघाच्या कोच डोरीन हस्की यांचे टेबल माझ्याच खोलीत आहे. मी त्यांना मनातल्या मनात हस्कीबाई म्हणतो. बाई कडक, पण माझी चाके स्वतःच्या रुमालाने पुसत.

पुढे दिवस पालटले. आजूबाजूच्या कॉलेजांनी परदेशातून खेळाडू आणायला सुरुवात केली. स्पेनची, ब्राझीलची, सर्बियाची मुलगी समोर उभी राहिली की आमच्या पोरींच्या तोंडचे पाणी पळे. हस्कीबाईंना वरून बोलणी बसू लागली. मग त्याही संध्याकाळी टेबलाशी बसून दूरदूरच्या मुलींचे खेळ पडद्यावर पाहू लागल्या. पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते मी त्या खोलीत बसून शिकलो.

इथून अर्ध्या तासावरच्या गावात मेरिबेथ ओल्टमन नावाची मुलगी राहत होती. शाळेत असल्यापासून दर उन्हाळ्यात ती आमच्याकडे शिकायला येई. जोडीदार नसला की माझ्यासमोर उभी राही आणि शेवटचा चेंडू संपेपर्यंत हलत नसे. तिचे वडील व्हर्ल वेल्डिंगचे काम करत. माझे मोडलेले चाक त्यांनीच जोडून दिले होते. हस्कीबाईंनी मेरिबेथला शब्द दिला होता, "शाळा संपली की तुझी जागा इथे पक्की समज." आणि त्याच वर्षी बाईंना पडद्यावर रुमानियाची इलिंका दिसली. शिष्यवृत्ती एकच उरली होती. ती इलिंकाला गेली.

व्हर्ल तावातावाने खोलीत शिरले तो दिवस मला आठवतो.

"डोरीन, आमच्या गावची पोरं काय फक्त चेंडू वेचायला ठेवलीस?"

"व्हर्ल, बस जरा."

"बसायला नाही आलो. परदेशातूनच पोरी आणायच्या, तर दारावरच्या पाटीवर कॅन्सस कशाला लिहितेस? पुसून टाक."

"मेरिबेथला मी संघात घेतेच आहे. फक्त शिष्यवृत्ती नाही देऊ शकत."

"म्हणजे फी मी भरायची आणि तिने बाकावर बसायचं!"

हस्कीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ती रुमानियाची पोर सहाव्या वर्षापासून लाल मातीच्या कोर्टावर घाम गाळतेय रे. तिनं काय पाप केलं, सांग? आणि या वर्षीही हरलो, तर तुझ्याशी भांडायला मी इथे असणार नाही."

जाताना व्हर्लनी सवयीने वाकून माझे चाक हलवून पाहिले. मला त्या दोघांचेही म्हणणे पटले, आणि म्हणूनच फार वाईट वाटले.

शेवटी व्हर्लनी फी भरली आणि मेरिबेथ संघात आली. इलिंका आली ती एक बॅग आणि तीन रॅकेटी घेऊन. खेळ देखणा, पण बोलणे कमी. पहिल्याच सामन्यात तिच्या हातून एक चूक झाली. लाल मातीवर चेंडू पडला की खूण उमटते, आणि वाद झाला की लोक जाऊन ती खूण पाहतात. आमची कोर्टे सिमेंटची. इथे खूण उमटत नाही, आणि कॉलेजच्या सामन्यात प्रत्येक कोर्टावर पंचही नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडेल, त्यानेच आत की बाहेर ते सांगायचे. समोरच्या मुलीने "बाहेर" म्हणताच इलिंका तरातरा जाळीला वळसा घालून तिच्या बाजूला गेली आणि खाली वाकून खूण शोधू लागली! प्रेक्षक हसले. फिरते पंच धावत आले. दंड म्हणून तिचा गुण कापला. तिला काही उमगेना. तो सामना ती हरली, आणि त्या एका सामन्यामुळे संघही हरला.

"हिच्यासाठी मेरिबेथला डावललं!" कुंपणाबाहेर कोणीतरी म्हणाले. इलिंकाला भाषा पुरती येत नव्हती, पण तेवढे तिला कळले. त्यानंतर तिचा हात कचरू लागला. आमच्याकडे सर्वांत चांगली मुलगी पहिल्या कोर्टावर खेळते आणि शेवटची सहाव्या; पहिल्या कोर्टावरून ती घसरत घसरत सहाव्यावर आली. संध्याकाळी सगळ्या गेल्या की ती एकटीच मला बाहेर काढी, आणि मग एकटीच कोर्टभर विखुरलेले चेंडू वेची. चेंडू मारताना एकटेपण जाणवत नाही, मित्रांनो. वेचताना जाणवते.

नोव्हेंबरात सगळ्या घराने एकत्र जेवायच्या मोठ्या सणाची सुट्टी लागली. ज्याला त्याला घरी जायची घाई. कॉलेज ओस पडले. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी इलिंका माझ्यासमोर खेळत होती, तेवढ्यात मेरिबेथ आली.

"यंत्र मला हवंय," ती म्हणाली.

"आज कोणीच नाही, म्हणून मी आले," इलिंका म्हणाली.

"कोणी नाही, म्हणूनच मीही आले."

इलिंकाचे ओठ थंडीने निळे पडले होते.

"खाल्लंस काही?" मेरिबेथने विचारले. आवाजात माया नव्हती, नुसती चौकशी होती.

"बिस्किटं."

"आणि काल? सणाच्या दिवशी?"

"तेच. भोजनगृहाला कुलूप आहे. बंद राहणार हे मला कोणी सांगितलंच नाही."

मेरिबेथने पिशवीतून घरचा डबा काढला. पावात भरलेले टर्की पक्ष्याच्या मांसाचे तुकडे आणि भोपळ्याचे गोड सारण भरलेली, भट्टीत भाजलेली पोळी. तिने दोन्हीचे अर्धे अर्धे केले. "घे. का आधी वाकून खूण तपासणार आहेस?"

मला वाटले, आता ही रडणार. पण इलिंका हसली. कित्येक महिन्यांनंतर मी तिला हसताना पाहिले.

मग माझ्या झाकणावर बसून मेरिबेथने तिला इथली रीत समजावली. "पलीकडे जायचं नाही. आपल्या जागेवरून एवढंच विचारायचं, 'नक्की?' आणि ती म्हणेल ते ऐकायचं."

"आणि ती खोटं बोलली तर?"

"तर तिला रात्री झोप लागत नाही."

"खरंच?"

"माझा बाप तरी तसं म्हणतो. तो स्वतः मात्र पडल्या पडल्या घोरतो."

त्या दिवशी त्यांनी माझी वायर काढली आणि एकमेकींशी खेळल्या. हिवाळाभर जरा ऊन पडले की दोघी कोर्टावर. मी कोपऱ्यात उभा राहून बघत असे. मला कोणी विचारत नव्हते, आणि इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

वसंत ऋतू आला. खेळणाऱ्या सहा मुलींपैकी पाच ठरल्या. सहाव्या जागेसाठी हस्कीबाईंनी या दोघींचाच सामना ठेवला. जिंकेल ती वर्षभर खेळेल, हरेल ती बाकावर. इलिंकाला खोलीत बोलावून बाई म्हणाल्या, "सहावी जागाही राखता आली नाही, तर पुढच्या वर्षी तुझी शिष्यवृत्ती मी नाही वाचवू शकणार, बाळा." इलिंकाने मान हलवली. तिने हे मेरिबेथला सांगितले नाही. सांगितले असते तर ते मागणे झाले असते, आणि ती मागणारी नव्हती.

सामन्याच्या दिवशी मी मेरिबेथच्या मागे, कुंपणाला टेकून उभा होतो. बाई दुसऱ्या कोर्टावर गुंतल्या होत्या. खेळ शेवटाला आला. आणखी एकच गुण मिळाला की मेरिबेथ जिंकणार होती. इलिंकाने कोपऱ्यात जोरदार फटका मारला. चेंडू माझ्या अगदी पुढ्यात रेषेला चाटून गेला.

"बाहेर!" मेरिबेथ ओरडली. तिचे बोट वर गेले होते.

इलिंका दोन पावले जाळीकडे आली आणि थांबली. वळसा घालून आली नाही.

"नक्की?" तिने विचारले.

मेरिबेथ मागे वळली. सिमेंटवर काहीच नव्हते. नजर माझ्यावरून गेली, तेव्हा वाटले, मला वाचा असती तर किती बरे झाले असते. पण मला आणखी एक गोष्ट कळत होती, मित्रांनो. मी बोललो असतो, तर ते खरे बोलणे तिचे उरले नसते.

"नाही," ती म्हणाली. "आत होता. तुझा गुण."

पुढचे सगळे गुण इलिंकाने घेतले. जाळीपाशी दोघींनी हात मिळवले, आणि मेरिबेथ माझ्या खोलीच्या मागे जाऊन हुंदके देऊन रडली. व्हर्ल तिला न्यायला आले.

"हरलीस?"

"हो."

"नीट हरलीस?"

"हो, बाबा."

"मग चल. जेवण गार होतंय."

इलिंकाची शिष्यवृत्ती वाचली. त्या वर्षी सहाव्या कोर्टावर तिने बरेच सामने जिंकले. मेरिबेथ बाकावरून टाळ्या वाजवत राहिली, पण नुसत्या टाळ्यांवर खेळाडू जगत नाही. उन्हाळ्यात ती दूरच्या एका लहान कॉलेजात निघून गेली, जिथे तिला खेळायला मिळणार होते. चूक कोणाची, ते मला आजही सांगता येत नाही.

पुन्हा शरद ऋतू आला आणि इलिंका पुन्हा एकटीच माझ्याकडे येऊ लागली. दोघी फोनवर बोलत, पण फोनमधून चेंडू परत येत नाही. मी जीव तोडून फेकत होतो. ती मारत होती. चेंडू पलीकडच्या कुंपणापाशी जाऊन निमूट पडत होते. तिला मेरिबेथची फार आठवण येई, आणि मलाही.

एके दिवशी इलिंका यायच्या आधीच कोणीतरी मला सुरू केले होते. कोरा नावाची नवी मुलगी, शेजारच्याच तालुक्यातली, शिष्यवृत्ती नसलेली. दात-ओठ खाऊन ती फटके मारत होती. इलिंकाने काही वेळ पाहिले. मग येऊन माझी वायरच उपसली.

"ए! माझं चाललंय ना!" कोरा वैतागली.

"मर्व्हिनला झोपू दे. मी खेळते तुझ्याशी."

कोराने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "मी तुझ्याच जागेसाठी सराव करतेय. माहीत आहे ना?"

"माहीत आहे," इलिंका म्हणाली आणि जाळीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. "म्हणूनच समोर कोणीतरी चांगलं हवं."

त्यानंतर माझे बटण फारसे कोणी दाबलेले नाही. टोपलीत कोळ्याने जाळे विणले आहे, चाकांवर गंज चढतो आहे. माझ्या जागी दुसरा कोणी म्हातारा असता, तर म्हणाला असता, मुलांनो, मला पुसा, मला तेल घाला. मी तसे म्हणणार नाही. मला चेंडू देता येतो, परत करता येत नाही. तेवढ्यासाठी माणूसच लागतो. तुमच्या मैदानाच्या कडेला कोणी यंत्राशी नाहीतर भिंतीशी एकटेच खेळताना दिसले, तर ते कुठल्या गावचे, कोणाची जागा घ्यायला आले, हे नंतर विचारा. आधी रॅकेट उचला आणि समोर उभे राहा.

अंधाऱ्या खोलीत बसून मी बाहेरचे आवाज ऐकतो. अलीकडून एक टप्पा, मग पलीकडून दुसरा. मला एकटे वाटते, हे खोटे कशाला सांगू? पण तो दुसरा आवाज थांबू देऊ नका.