आधी घरचे

मी एक जुना वजनकाटा आहे. हल्ली चाकणजवळ एका पत्र्याच्या शेडमागे असतो. पण मित्रांनो, एके काळी माझ्यावर चढल्याशिवाय कुणाला आकाशात जाता येत नसे, खरंच!

सुरुवात मात्र मातीतली. हिंदुराव आणि जयसिंग या भावांच्या आडतीत मी कांद्याच्या गोण्या तोलायचो. मग त्यांनी सहा जणांचं विमान आणलं, माळावर धावपट्टी केली आणि प्रवासी नेणारी कंपनी काढली. कांदेवाले उडणार म्हणून गाव हसलं. जयसिंग विमान चालवायचा, हिंदुराव जमिनीवरचं बघायचा. वजन जास्त झालं तर विमान उचलायचं नाही, म्हणून माणूस असो की बोचकं, आधी माझ्यावर. मोठमोठे सावकारही गुपचूप उभे राहायचे. काय रुबाब होता माझा!

एके दिवशी त्यांची आई प्रभावती लेकीकडे निघाली. एरवी कडक असणारा हिंदुराव अडखळला. घरच्या माणसाला तोललं की नजर लागते, असं त्यांच्यात मानत. आईनंही टोमणा मारला, "मला गोणीवानी तोलतूस व्हय रं?" दोघे भाऊ हसले. हिंदुरावनं अंदाजानं आकडा लिहिला. डोक्यावरच्या गाठोड्याला आईनं कुणाला हात लावू दिला नाही. त्यात लेकीसाठी पाटा-वरवंटा होता.

विमान उठलं, पण उशिरा. माळाच्या टोकाच्या बांधाला चाकं अडली. आई वाचली, प्रवासी वाचले. जयसिंगचा पाय गुडघ्यापासून गेला.

तो कुबडी घेऊन घरी आला, तेव्हा हिंदुराव मान खाली घालून उभा होता. जयसिंग म्हणाला, "दादा, तुजी एकट्याची चूक न्हाई. मीबी हसलो हुतो."

दुसऱ्या दिवशी हिंदुरावनं माझ्या दांडीवर रंगानं दोन शब्द लिहिले: आधी घरचे. विमान दुरुस्त झालं, दुसरा वैमानिक आला. पहिल्या फेरीला आई आपणहून माझ्यावर चढली. कुणी हसलं नाही.

पुढे ती कंपनी एका मोठ्या कंपनीत मिळून गेली. मी परत कांद्याकडे आलो, आणि इलेक्ट्रॉनिक काटे आल्यावर कोपऱ्यात गंजत पडलो.

गेल्या रविवारी हिंदुरावचा पणतू स्वराज मला भंगारात द्यायला निघाला. तो कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. हेल्मेट नसलेल्या कामगाराला गेटवरून परत पाठवतो म्हणे. त्याची मुलगी योगिनी मला पुसत होती. धुळीखालून अक्षरं निघाली. तिनं विचारलं, स्वराजनं सगळी गोष्ट सांगितली. मग ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला रोज गाडीवरून शाळेत सोडता. माझं हेल्मेट कुठंय?"

स्वराजनं मला परत कोपऱ्यात सरकवलं. भंगारवाल्याचा टेम्पो रिकामा गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्यावरची धूळ एकदा पुसून बघा. आणि ज्यांच्यावर जीव आहे, त्यांच्यासाठी नियम सैल करू नका.

आता माझ्यावर एक छोटं हेल्मेट ठेवलेलं असतं. सकाळी योगिनी ते उचलते, माझी गंजकी दांडी जराशी कुरकुरते, आणि मला कळतं, आज घरचं माणूस राहून गेलं नाही.